कोपिआले पोथी: गुप्त मंडळाची लिपी आणि ती फोडणारे गणित

हिरव्या-सोनेरी बुट्टीदार कागदात बांधलेल्या १०५ पानांच्या एका जर्मन हस्तलिखितात सुमारे ७५,००० चिन्हे सुवाच्य अक्षरात, जवळजवळ खाडाखोड न करता लिहिलेली आहेत. त्यांत रोमन अक्षरे आहेत, ग्रीक अक्षरे आहेत, डोक्यावर टोपीसारखी खूण असलेली अक्षरे आहेत आणि कोणत्याही वर्णमालेत न सापडणाऱ्या आकृत्याही आहेत. वेगवेगळी चिन्हे मोजली तर ती ९० च्या आसपास भरतात आणि दोन शब्दांमध्ये कोठेही जागा सोडलेली दिसत नाही. संपूर्ण पोथीत सरळ वाचता येतील असे उल्लेख दोनच आहेत. एक ‘फिलिप १८६६’, जी बहुधा नंतरच्या कोणा मालकाची नोंद असावी, आणि दुसरा ‘कोपिआलेस ३’, ज्यावरून अभ्यासकांनी या हस्तलिखिताला ‘कोपिआले’ हे नाव दिले. पोथीचा काळ साधारण १७६० ते १७८० असा मानला जातो, म्हणजे युरोपात गुप्त मंडळांचे अक्षरशः पेव फुटले होते तो काळ. ही पोथी उलगडली मात्र २०११ साली.

तिच्या उलगड्याची सुरुवात एका व्याख्यानातून झाली. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ केविन नाइट हे जानेवारी २०११ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात यंत्रानुवादाविषयी, म्हणजे संगणकाकडून करवून घेतलेल्या भाषांतराविषयी, बोलायला गेले होते. यंत्रानुवाद आणि गुप्तलेखन यांचे नाते वरवर वाटते त्यापेक्षा जुने आहे. १९४७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ वॉरन वीव्हर यांनी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांना लिहिलेल्या पत्रात अशी कल्पना मांडली होती की, रशियन लेख समोर आला की तो मुळात इंग्रजीतच असून केवळ अनोळखी चिन्हांत लिहिला आहे असे समजावे आणि मग तो उलगडायला घ्यावा. नाइट यांचे संशोधन याच वाटेवरचे होते. गुप्तलेखनाची त्यांची आवड उप्सालातल्या ख्रिस्तियाने शेफर यांच्या कानावर आली. शेफर यांच्याकडे कोपिआले पोथीची छायाप्रत बरीच वर्षे नुसतीच पडून होती. १९९८ मध्ये त्या बर्लिन सोडत असताना एका सहकाऱ्याने ती त्यांना भेट दिली होती. संगणकीय भाषाशास्त्राच्या अभ्यासक बेआटा मेग्येशी त्यांना येऊन मिळाल्या आणि तिघांनी काही महिन्यांतच पोथीचा बहुतेक भाग उलगडला.

हे कसे साधले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. प्रत्येक अक्षराच्या जागी एक ठरावीक चिन्ह ठेवायचे, ही गुप्तलेखनाची सर्वांत साधी पद्धत होय. कोणत्या अक्षराला कोणते चिन्ह याची यादी म्हणजे त्या लिपीची किल्ली. २६ अक्षरांच्या वर्णमालेत अशा किल्ल्या ४ वर २६ शून्ये दिली म्हणजे होणाऱ्या संख्येइतक्या संभवतात. ही संख्या ऐकून माणसाला सुरक्षित वाटते, आणि गुप्त मंडळांच्या संस्थापकांनाही तसेच वाटत असणार. परंतु नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने दाखवून दिले होते की, एकेक किल्ली लावून पाहण्याची गरजच नसते. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित. अक्षराचा वेश बदलला तरी त्याची वारंवारता बदलत नाही. जर्मन मजकुरात ‘ई’ हे अक्षर साधारण दर सहा अक्षरांमागे एकदा येते, तेव्हा गुप्त मजकुरात जे चिन्ह तितक्या वेळा येईल त्यावर संशय घ्यायचा. मराठीचेही असेच आहे. नागरीतला कोणताही उतारा घेऊन खुणा मोजल्या तर काना किती वेळा येतो ते पाहून आश्चर्य वाटावे. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये या गोष्टीला गणिताची बैठक दिली. त्यांच्या हिशेबाने साध्या अदलाबदलीच्या लिपीतला सुमारे ३० अक्षरांचा मजकूर हाती लागला, तरी तत्त्वतः त्याचा एकच अर्थपूर्ण उलगडा उरतो. कोपिआलेत ७५,००० चिन्हे आहेत, तेव्हा ती लिपी इतकी साधी असती तर छंद म्हणून कोडी सोडवणाऱ्या एखाद्याने ती कधीच फोडली असती.

पण पोथी लिहिणाऱ्याला ही उणीव ठाऊक होती. तिच्यावरचा उपायही त्याच्या काळात जुना झाला होता. इटलीतल्या मांतुआ येथील १४०१ सालच्या एका किल्लीत तो आढळतो. वारंवार येणाऱ्या अक्षराला एकच चिन्ह न देता चार-पाच चिन्हे द्यायची आणि लिहिताना त्यांतले कोणतेही वापरायचे, असा तो उपाय आहे. त्यामुळे ‘ई’ ची गर्दी अनेक चिन्हांत वाटली जाते आणि मोजदाद करणाऱ्याला सर्व चिन्हे थोड्याफार फरकाने सारखीच दिसू लागतात.

नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोथीतल्या चिन्हांना प्रथम संगणकावर टंकता येतील अशी नावे दिली आणि सुरुवातीची काही पाने नोंदवून घेतली. त्यांचा पहिला तर्क असा होता की खरा मजकूर ओळखीच्या रोमन अक्षरांत असावा आणि बाकीच्या आकृत्या केवळ दिशाभूल करण्यासाठी असाव्यात. हा तर्क सुमारे ८० भाषांशी ताडून पाहिला गेला आणि हाती काहीही आले नाही. मग त्यांनी सर्वच चिन्हे अर्थवाही आहेत असे धरले आणि ‘फिलिप’ या नावाचे जर्मन धाटणीचे लेखन लक्षात घेऊन जर्मन भाषेवर भर दिला.

यापुढचे काम संख्याशास्त्राचे होते. एखादे चिन्ह किती वेळा येते हे लपवता येते, पण ते कोणाच्या शेजारी येते हे लपवणे फार कठीण असते. एकाच अक्षरासाठी पाच चिन्हे वापरली, तरी त्या पाचही चिन्हांच्या मागेपुढे येणारी मंडळी तीच राहतात. म्हणून संगणकाने प्रत्येक चिन्हाच्या शेजाऱ्यांची यादी केली आणि ज्यांचे शेजार सारखे आहेत अशा चिन्हांचे गट पाडले. या गटवारीत साधी रोमन अक्षरे एकमेकांजवळ आली आणि टोपीवाली रोमन अक्षरे वेगळी एकत्र आली. टोपीवाली अक्षरे ‘ई’ ची निघाली. साध्या रोमन अक्षरांचा अर्थ मात्र कोणालाही लवकर सुचण्यासारखा नव्हता: ती सर्वच्या सर्व दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेची चिन्हे होती.

माझ्या मते या लिपीतली सर्वांत हुशारीची जागा हीच आहे. लिखित मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे ‘चिन्ह’ कोणतेही अक्षर नसते, ती मोकळी जागा असते, आणि ती सापडली की शब्दांच्या लांब्या उघड्या पडतात. पोथी रचणाऱ्याने ती जागा वीस-पंचवीस वेगवेगळ्या अक्षरांत वाटून टाकली, आणि तीही अशा अक्षरांत की वाचणाऱ्याची नजर अर्थ शोधायला प्रथम तिथेच जावी. अठराव्या शतकातल्या त्या माणसाने टाकलेल्या जाळ्यात एकविसाव्या शतकातले तज्ज्ञ पहिल्या फेरीत सापडले, ही त्याच्या कौशल्याला मिळालेली पावतीच म्हणायला हवी.

शब्द कोठे तुटतात हे कळल्यावर बाकीचा उलगडा वेगाने झाला. जर्मनमध्ये ‘सी’ च्या मागून बहुतेक वेळा ‘एच’ येतो, अशा जोड्यांवरून आणखी चिन्हे ओळखता आली. विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह मागच्या व्यंजनाचे द्वित्व दाखवते हे लक्षात आले. हळूहळू मजकुरातून दीक्षाविधीचे वर्णन बाहेर येऊ लागले. पोथी स्वतःला एका मंडळाच्या कायद्याचे पहिले पुस्तक म्हणवते आणि तिच्या आरंभीच्या भागात शिकाऊ सभासदांसाठी गुप्त उपदेश आहे. प्रमुख डोक्यावर टोपी चढवून सभा सुरू करतो, उमेदवाराला दुसऱ्या खोलीतून हाताला धरून आणले जाते, आणि मंडळाचे नियम पाळशील का, मौन राखशील का, असे त्याला विचारले जाते. त्यानंतरचा विधी विलक्षण आहे. उमेदवाराला कोरा कागद वाचायला देतात. तो अर्थातच वाचू शकत नाही. मग त्याला चष्मा देतात, त्याचे डोळे पुसतात, तरीही कागद कोराच राहतो. शेवटी शस्त्रक्रियेचा आव आणून त्याच्या भुवईचा एक केस उपटला जातो, आणि मग कोऱ्या कागदाच्या जागी खरा मजकूर त्याच्या हाती दिला जातो.

हे मंडळ कोणते, याचे उत्तर संगणकाकडे नव्हते. पोथीत काही मोठ्या आकृत्या अशा आहेत की त्या एका अक्षरासाठी नसून अख्ख्या शब्दासाठी वापरल्या आहेत. मंडळाचे नाव, सभासदांच्या पदव्या, अशा नेमक्या मोलाच्या शब्दांना ही चिन्हे दिलेली होती. त्यांना वारंवारतेचे किंवा शेजाराचे गणित पुरत नाही. त्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो. इतिहासकार आंद्रेआस ओनेरफोर्स यांनी पोथीचा संबंध उत्तर जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेल येथील ऑक्युलिस्ट, म्हणजे ‘नेत्रवैद्य’ म्हणवणाऱ्या मंडळाशी जोडला. काउंट फ्रीडरिश आउगुस्ट फॉन फेल्टहाइम या मंडळाच्या प्रमुखांपैकी होता, आणि मंडळाची अन्य कागदपत्रे वोल्फेनब्युटेलच्या अभिलेखागारात मिळाली. हे लोक खरोखर डोळ्यांचे वैद्य होते, की आंधळ्याला दृष्टी देणे हे केवळ त्यांचे रूपक होते, यावर मते एक नाहीत. पोथीच्या पुढील भागात फ्रीमेसन या युरोपातल्या प्रसिद्ध गुप्त बंधुमंडळाच्या वरच्या पायऱ्यांचे विधी सविस्तर दिलेले असल्याने, हे मंडळ मेसन मंडळींवर नजर ठेवून होते की त्यांचेच विधी वेगळ्या नावाखाली जपत होते, हाही प्रश्न उभा राहतो. पोप क्लेमेंट बारावा याने १७३८ साली कॅथलिकांना फ्रीमेसन होण्यास बंदी केली होती हे खरे. पण वोल्फेनब्युटेल हा प्रोटेस्टंट मुलूख होता, म्हणून केवळ त्या बंदीवर सारा भार टाकता येत नाही.

भुवईचा केस उपटण्याचा विधी लपवण्यासाठी एवढी भक्कम लिपी कशाला हवी होती, हा प्रश्न कोणालाही पडेल. मला वाटते, गुप्त मंडळाची लिपी राजदूताच्या किंवा सेनापतीच्या लिपीपेक्षा वेगळे काम करते. सेनापतीला एक बातमी काही दिवस लपवायची असते. मंडळाला आतला कोण आणि बाहेरचा कोण याची रेघ आखायची असते, आणि लिपी शिकणे हाच त्या रेघेपलीकडे जाण्याचा भाग असतो. फ्रीमेसन लोकांची चौकटी, फुल्या आणि ठिपक्यांची लिपी तर शाळकरी मुलालाही अर्ध्या तासात फोडता येईल अशी होती. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चच्या आवारात जेम्स लीसन याच्या १७९४ सालच्या समाधीच्या दगडावर याच लिपीत ‘मृत्यूचे स्मरण ठेव’ असे कोरले आहे. उघड्या दगडावर कोरलेला तो उपदेश काही लपवण्याजोगा नव्हता; मरणारा माणूस कोणत्या मंडळाचा होता, एवढे ती लिपी सांगते.

ज्यांना खरोखर धोका होता त्यांना लिपीने वाचवले नाही. आडाम वाइसहाउप्ट याने १ मे १७७६ रोजी बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे स्थापन केलेल्या इल्युमिनाटी मंडळात सभासदांना टोपणनावे होती, अक्षरांच्या जागी आकडे होते, आणि गावांची नावेही बदललेली होती. म्युनिकला अथेन्स म्हणत आणि खुद्द वाइसहाउप्ट स्पार्टाकस होता. १७८४-८५ मध्ये सरकारने बंदी घातली, १७८६ मध्ये लांड्सहूट येथे त्स्वाक या सभासदाच्या घराची झडती झाली, आणि जप्त झालेली कागदपत्रे सरकारने १७८७ साली छापूनच टाकली. लिपी कितीही चांगली असली तरी किल्ली अनेकांच्या हाती द्यावी लागते, आणि झडती घेणाऱ्या शिपायाला अक्षरांची वारंवारता मोजत बसावे लागत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, वज्र अशा अनेक लिप्यांची नावे पंथात सांगितली जातात. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध असून ती परंपरेने रवळोबास यांच्या नावे सांगतात. महानुभाव हे युरोपीय अर्थाने गुप्त मंडळ मुळीच नव्हते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रिया आणि शूद्र यांनाही खुल्या ठेवलेल्या पंथाला त्या साच्यात बसवणे अन्यायाचे होईल. पोथ्या सांकेतिक लिपीत का गेल्या, शास्त्राचे पावित्र्य राखण्यासाठी की विरोधकांच्या भीतीने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणाम मात्र निर्विवाद आहे. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला अज्ञात राहिला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यानंतर हे वाङ्मय बाहेर येऊ लागले.

या दोन उदाहरणांत एक मोठा फरक आहे. ऑक्युलिस्टांचे मंडळ संपले आणि त्यांच्या किल्लीसह ते विस्मृतीत गेले, म्हणून पोथी वाचण्यासाठी गणिताखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता. महानुभाव पंथ मात्र जिवंत राहिला. मठांत लिपी शिकवली जात होती, पोथ्यांच्या नकला होत होत्या, आणि पंजाबात जयकृष्णी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांपर्यंत मराठी ग्रंथ पोहोचले होते. तेथे ती लिपी कोणासाठीच कोडे नव्हती.