सातबाऱ्याच्या मागे: जमिनीच्या जुन्या मालकीचा शोध

वडिलोपार्जित जमिनीवर हक्क सांगायची वेळ आली की आधी सातबारा काढला जातो. पण हा उतारा सारावसुलीच्या कागदांतून वाढत आला आहे आणि जुनी मालकी शोधताना येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच आहे.

1818 साली पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला महसुलाची घडी बसवायची होती. इंग्रज अधिकारी प्रिंगल याने केलेली जमिनीची पाहणी फसली, कारण ठरवलेला आकार, म्हणजे जमिनीवरचा सारा, रयतेला झेपेना. मग 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी व्यवस्था बसवली. शेताला सर्व्हे नंबर आणि तीस वर्षांसाठी ठरलेला आकार मिळाला. आकार कोण भरतो, एवढंच सरकारला हवं होतं. कूळ, गहाण, भावांचे हिस्से यांच्या नोंदीसाठी मुंबई इलाख्यात 1903 चा हक्कनोंदणी कायदा यावा लागला.

शोध घेणाऱ्याने जीव लावावा तो फेरफारांवर, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदींवर. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. नाव खरेदीने लागलं, वारसाने की वाटणीने, हे फेरफारातच कळतं. हाती लिहिलेल्या उताऱ्यावर कमी झालेलं नाव कंसात दिसतं. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं ते पाहत एकेक पायरी मागे जायचं. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थांबावं. तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. पुढे ही तीन अक्षरं गळाली की बाकीच्या भावांचा हक्कही कागदावरून दिसेनासा होतो. बहिणींची नावं तर कित्येक ठिकाणी मालकाच्या रकान्याऐवजी ‘इतर हक्कात’ टाकलेली आढळतात. मला हा या दप्तरातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

मागे जाणारी ही फेरफारांची साखळी दोन ठिकाणी हमखास तुटते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या 9(3), 9(4) च्या उताऱ्यांवरून जुळवावं लागतं. दुसरं वळण कूळकायद्याचं. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारी कुळं कायद्यानेच मालक मानली गेली, त्यामुळे तिथे खरेदीखत शोधून सापडणार नाही. कूळकायद्याच्या कलम 32ग ची किंमत ठरवण्याची कारवाई आणि कलम 32म चं खरेदीचं प्रमाणपत्र शोधायचं.

हे सगळं जुन्या मुंबई इलाख्याचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथले जुने कागद उर्दूत मिळतात, खासरा पाहणी पत्रक वेगळं. पश्चिम महाराष्ट्रातही मागे गेलं की मोडी लागते आणि जाणकार वाचक गाठावा लागतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरली जाते. म्हणून फेरफारासोबत दुय्यम निबंधकाकडचं नोंदलेलं खत आणि सूची दोनचा, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या सूचीचा, उताराही काढावा.