गाडीचा सेल्फ उचलत नाही तेव्हा

चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, की बहुतेक जण आधी डॅशबोर्डकडे बघतात. दिवे लागलेत, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे असं धरून चालतात. हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. तो का चुकतो हे समजलं, तर निम्मं निदान मेकॅनिक यायच्या आधीच होतं.

नेहमीच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाम्लाचे सहा सेल असतात. प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट धरले तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्ध्यावर आली आहे. पण सेल्फ उचलायला नुसते व्होल्ट पुरत नाहीत, करंट लागतो. दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून जेमतेम ९-१० अँपिअर घेतात. सेल्फ मोटरला छोट्या गाडीतही १००-१५० अँपिअर लागतात, पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. हेडलाइट लागला याचा अर्थ बॅटरी दहा अँपिअर देऊ शकते, इतकाच.

आता बोनेट उघडून टर्मिनल बघा. तिथे पांढरट-हिरवट पूड जमली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर त्या जोडात रोध तयार होतो. समजा तो फक्त ०.०२ ओहम आहे. हेडलाइटच्या १० अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट खर्ची पडतात, कुणाला पत्ताही लागत नाही. १५० अँपिअर मागितले की त्याच जोडात ३ व्होल्ट गडप होतात आणि मोटर ढिम्म राहते. नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे टर्मिनल गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करून घट्ट आवळावं, असं मी आवर्जून सांगेन. काढताना आधी निगेटिव्ह सोडायचं, लावताना ते शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की जबरदस्त ठिणगी उडते.

आवाजही खूप काही सांगतो. भराभर कट्-कट्-कट् ऐकू येत असेल, तर सॉलेनॉइड, म्हणजे सेल्फ मोटरचा विद्युतचुंबकी स्विच, मोटरला करंट जोडून देतो, त्या ओढीने व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइडची पकड सुटते, ओढ थांबल्यावर व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा पकडतो. हे सेकंदात अनेकदा घडतं. उतरलेल्या बॅटरीची किंवा खराब जोडाची ही जवळजवळ खात्रीची खूण. उलट एकच ‘ठक्’ झालं आणि हेडलाइट तसेच लख्ख राहिले, तर दोष सॉलेनॉइडच्या आतल्या संपर्कात किंवा मोटरमध्ये शोधावा. काहीच आवाज नसेल तर आधी साध्या गोष्टी: क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलला आहे का, फ्यूज आणि रिले शाबूत आहेत का.

इंजिन जोमात फिरतंय पण पकडत नाही, हा वेगळाच मामला. तिथे बॅटरीला दोष देऊ नये. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घरघर येते, तो इंधनपंप. ती आली नाही तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासावा. इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकत असेल तर गाडी चावीतली चिप ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा.

एकेका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. १९१२ च्या कॅडिलॅकसाठी चार्ल्स केटरिंग यांनी विजेवरचा स्टार्टर बनवला, तेव्हा मोटर काही क्षणच चालणार म्हणून ती लहान ठेवून तिच्यावर भरपूर भार टाकता आला. ती सूट आजच्या मोटरलाही तेवढ्या क्षणांपुरतीच आहे. सलग मारत राहिलं तर गुंडाळी तापते.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच.

गाडी सुरू झाली की मल्टिमीटर बॅटरीला लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. काटा १२ च्या आसपासच घुटमळला, तर आल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट आधी दुरुस्त करून घ्या. नवी बॅटरी बसवली तरी तीही उतरेल.