पाच अक्षरं सरकली आणि जनुक गप्प झालं

सुतळीचा हातभर तुकडा घ्या. तिच्या एका पेडावर शाईचा ठिपका द्या आणि त्याच पेडावरून बोट फिरवत पुढे जा. अर्धा पीळ झाला की बोट सुतळीच्या मागे गेलेलं असतं, आणखी अर्धा पीळ झाला की पुन्हा समोर येतं. डीएनएचा पीळही असाच, फक्त तो सुमारे साडेदहा अक्षरांत, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या साडेदहा दुव्यांत पूर्ण होतो. लांबी जेमतेम साडेतीन नॅनोमीटर!

नियामक प्रथिन डीएनएवर बसलं की जनुक चालू होतं, असं आपण शिकतो. पण ते कुठे बसलं, यावर सगळा खेळ असतो.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो. ते संपलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा छोटा निरोप्या रेणू वाढतो आणि तो सीआरपी नावाच्या नियामक प्रथिनाला चिकटतो. मग सीआरपी लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या अलीकडे, त्यांच्या प्रमोटरवर, म्हणजे जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं त्या डीएनएच्या तुकड्यावर जाऊन बसतं. लॅक्टोज हजर असेल तर तिथला अडसर, म्हणजे दडपणारं प्रथिन, दूर झालेला असतो. सीआरपीच्या जागेचा मध्य वाचन सुरू होण्याच्या ठिकाणापासून ६१.५ अक्षरं अलीकडे आहे. हे अर्धं अक्षर कुठून आलं? सीआरपी ही दोन सारख्या प्रथिनांची जोडी, त्यामुळे तिचा मध्य दोन अक्षरांच्या बरोबर मधे पडतो.

सीआरपी स्वतः जनुक वाचत नाही. ते काम आरएनए पॉलिमरेज या दुसऱ्या प्रथिनाचं. त्याच्या अल्फा उपघटकाचा एक भाग लवचीक दोरीवर लोंबकळावा तसा मोकळा असतो. सीआरपी तो पकडून ठेवतं आणि पॉलिमरेज प्रमोटरवर पक्कं बसतं.

संशोधक स्टीफन बझ्बी आणि सहकाऱ्यांनी सीआरपीची ही जागाच मागेपुढे सरकवून पाहिली आणि १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६१.५ वरून जागा पाचेक अक्षरं मागे नेली की जनुक जवळजवळ गप्प. प्रथिन तेच, अक्षरंही तीच, पण आता ते डीएनएच्या पाठीमागच्या बाजूला गेलेलं. आणखी तितकीच मागे नेली की जनुक पुन्हा जागं! ७२, ८२, ९२ च्या आसपास असंच होत जातं, फक्त जोर कमी होतो. ती लवचीक दोरी लांबवर पोहोचते, पण पिळाच्या पाठीमागे वळसा घालून जाणं तिला जमत नाही. ४१.५ वर बसलेलं सीआरपी मात्र पॉलिमरेजला अगदी खेटून असतं आणि त्याला एकाहून अधिक ठिकाणी धरतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पाऱ्याचं विष निकामी करणाऱ्या जिवाणूंमधलं मेरआर हे नियामक प्रथिन. पॉलिमरेज प्रमोटरवरच्या दोन खुणा ओळखतं. त्या खुणांमधे साधारण १७ अक्षरं असतात, मेरआर ज्या जनुकांवर काम करतं तिथे मात्र १९ आहेत. दोनच अक्षरं जादा, पण त्यांनी एक खूण दुसरीपासून सुमारे ७० अंशांनी वळते आणि पॉलिमरेजला दोन्ही नीट धरता येत नाहीत. मेरआर पारा नसतानाही या खुणांच्या मधे बसलेलं असतं. पाऱ्याचा आयन त्याला चिकटला की ते खालच्या डीएनएला पिरगाळून पीळ थोडा सैल करतं, दोन्ही खुणा एका रेषेत येतात आणि वाचन सुरू होतं. ती दोन जादा अक्षरं कापून टाकली, तर पारा नसतानाही ही जनुकं चालूच राहतात.