हिमउघडीप

डोंगरउतारावर बर्फ साचल्यानंतर बरेच दिवस नवा बर्फ न पडण्याचा काळ. या काळात जुन्या थरांत होणारे बदल ओळखून हिमस्खलनाचा धोका जोखणे हा गिर्यारोहणातील महत्त्वाचा भाग मानला जातो.

सोलापुरात बर्फ पडत नाही, पण उघडीप म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. काळे रान वरून भेगाळले तरी रब्बी ज्वारीला खाली ओल किती उरली, हे तो वीतभर उकरून, ढेकूळ मुठीत दाबून पाहतो. बर्फाचीही पारख वरून होत नाही. खणावेच लागते.

जमिनीलगतचा बर्फ साधारण ०° से.च्या आसपास असतो. निरभ्र रात्री पृष्ठभाग मात्र फार थंड होतो. दर १० सेंमी. जाडीमागे सुमारे १° से.हून अधिक फरक पडला, की खालची वाफ वर सरकते आणि एकमेकांना धरून असलेल्या कणांच्या जागी कोनदार, सुटे स्फटिक वाढतात. थर पातळ असेल तर हा फरक आणखी तीव्र होतो. म्हणूनच ‘बर्फ कमी म्हणजे धोका कमी’ हा हिशेब चुकतो. असा बर्फ कितीही दाबला तरी त्याचा गोळा होत नाही, साखरेसारखा बोटांतून गळतो. सोलापुरी घरात हे थोडक्यात सांगता येईल: विरी गेली, म्हणजे पिठाचा चिकटपणा गेला. तशा पिठाची भाकरी थापताना फुटते, तसाच हा थर वरचे ओझे पेलताना मोडतो.

तपासणीसाठी खड्डा खणून त्याची उभी भिंत गुळगुळीत करतात. मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल, सुरी यांपैकी काय आत शिरते त्यावरून थराचा कठीणपणा ठरतो. मग ३० × ३० सेंमी.चा खांब मोकळा करून वर फावडे ठेवतात आणि त्यावर मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी १० थापा देतात. कितव्या थापेला कोणता थर सरकला, हे नोंदवायचे. एका खड्ड्याचा निकाल साऱ्या डोंगराला लागू होत नाही: हिमालयात दक्षिणेकडच्या उतारावर उन्हाने पापुद्रा धरतो, तर उत्तरेच्या सावलीत सुटे स्फटिक टिकून राहतात.

उघडीप चालू असताना उतार बहुधा शांत असतात. खरी कसोटी पुढच्या हिमवर्षावाची. गुलमर्ग जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ कोरडे होते. फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला आणि २२ तारखेला तेथील हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला.

काळ्या रानात कोळपणी करून भेगा बुजवता येतात, ओल राखता येते. स्कीच्या राखीव उतारांवरही काही ठिकाणी बर्फ पायांनी तुडवून कच्चे थर मोडतात. मोकळ्या डोंगरात तसे करता येत नाही. तेथे ३०° पेक्षा कमी उताराची आणि डोक्यावर तीव्र उतार नसलेली वाट धरतात.