पार्श्वभूमी: गव्हाच्या कापणीचा सण आणि अभ्यासाची रात्र

ज्यू पंचांगातल्या सिवान महिन्याच्या सहाव्या तारखेला शावुओत येतो. आपल्या कॅलेंडरप्रमाणे मेचा उत्तरार्ध ते जूनचा पूर्वार्ध. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे सणाची सुरुवात रात्रीने होते. त्या रात्री जेरुसलेमपासून न्यूयॉर्कपर्यंत असंख्य सिनेगॉगांत, शाळांत आणि घरांत माणसे एकत्र बसून पहाटेपर्यंत धर्मग्रंथ वाचतात आणि त्यांवर कडाकडा वाद घालतात. या जागरणाला ‘तिक्कुन लेल शावुओत’ म्हणतात. सण मुळात गव्हाच्या कापणीचा. या रात्री जागा, अभ्यास करा, असे बायबलमध्ये कुठेही सांगितलेले नाही. हा रिवाज रुळला तो सोळाव्या शतकात. शेतातला सण पुस्तकापाशी कसा आला, याचा इतिहास जवळजवळ अडीच हजार वर्षांचा आहे.

तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, या सणाला तीन नावे आहेत: कापणीचा सण, सप्ताहांचा सण आणि प्रथम फळांचा दिवस. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘सप्ताहांचा सण’ हे नाव ओळखीचे असेल. पेसाहच्या (वल्हांडणाच्या) सुमारास जवाची कापणी सुरू होई. पहिली पेंढी मंदिरात अर्पण करायची आणि तिथून सात आठवडे मोजायचे. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी वाहायच्या, त्याही खमीर घालून फुगवलेल्या. तोराच्या ‘अनुवाद’ नावाच्या पाचव्या पुस्तकात या दिवशी आनंद कोणी करायचा याची यादी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गावातला लेवी (मंदिरसेवक वंशातला), परदेशी, अनाथ, विधवा. ज्यांच्याकडे स्वतःचे शेत नाही अशांचीच नावे त्यात जास्त आहेत, आणि मला ही यादी सणाच्या साऱ्या विधींहून मोलाची वाटते.

प्रथम फळे जेरुसलेमला नेण्याचे वर्णन मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाच्या ‘बिक्कुरीम’ या भागात आले आहे, आणि ते मुळातून वाचावे असेच आहे. शेतकरी शेतात उतरला की पहिले पिकलेले अंजीर, पहिला द्राक्षाचा घड, पहिले डाळिंब पाहून त्याला लव्हाळ्याची गाठ मारून ठेवी. मग पंचक्रोशीतले लोक एका गावी जमत आणि रात्री घरात न शिरता गावाच्या चौकात झोपत. पहाटे मुकादम हाक देई: उठा, सियोनला जाऊ. पुढे शिंगांना सोन्याचा मुलामा दिलेला आणि ऑलिव्हचा मुकुट घातलेला बैल, सोबत बासरी. जेरुसलेमचे कारागीर हातातले काम थांबवून उभे राहत आणि त्यांना गावाच्या नावाने हाक मारून त्यांचे स्वागत करीत. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्या-चांदीच्या, गरिबांच्या सोललेल्या वेताच्या. मंदिरात पोहोचल्यावर शेतकऱ्याने ‘माझा पूर्वज भटका अरामी होता’ इथून सुरू होणारे निवेदन म्हणायचे. पूर्वी ज्याला वाचता येई तो स्वतः म्हणे आणि ज्याला येत नसे त्याला म्हणवून घेत. आपल्याला वाचता येत नाही हे चारचौघांत उघड होते म्हणून लोक फळे आणायचेच टाळू लागले. तेव्हा सर्वांनाच म्हणवून घ्यायचे असे ठरले. पुढे अभ्यासाचा झालेल्या या सणात अशिक्षिताची लाज झाकण्याचा निर्णय इतक्या आधी घेतला गेला होता.

आता सिनाई पर्वताचा भाग. परंपरा सांगते की शावुओतच्याच दिवशी मोशेला सिनाईवर तोरा मिळाली. खुद्द तोरा मात्र असे म्हणत नाही. तिथे फक्त इजिप्त सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात लोक सिनाईपाशी आले एवढेच आहे. सणालाही तिथे ठरलेली तारीख नाही, फक्त पन्नास दिवसांची मोजणी आहे. ती मोजणी कोणत्या दिवसापासून धरायची यावर परूशी आणि सदूकी या दोन ज्यू पंथांत मोठा वाद होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ‘ज्युबिलीज’ या ग्रंथात हा सण नोहापासूनच्या, ईश्वराशी झालेल्या करारांशी जोडलेला दिसतो. म्हणजे शेताच्या सणाला कराराचा अर्थ देण्याचे काम मंदिर उभे असतानाच सुरू झाले होते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले, आणि भाकरी वाहायला, टोपल्या न्यायला जागाच उरली नाही. पेसाहला घरचे जेवण होते, सुक्कोतला (मांडवांच्या सणाला) मांडव होता. शावुओतकडे असा घरात करण्याजोगा विधी कोणताच नव्हता. तालमूदच्या, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या विशाल ग्रंथाच्या, काळापर्यंत तो ‘तोरा दिली गेली तो दिवस’ म्हणून पक्का झाला. तारीख सिवानची सहावी की सातवी, यावर तालमूदमध्ये चर्चा आहेच. सण टिकला तो या दुसऱ्या अर्थामुळे. आपले शेत आणि देश दोन्ही गेलेल्या माणसांना गव्हाची कापणी दरवर्षी साजरी करता येणार नव्हती. तोरा मात्र ते जिथे जातील तिथे सोबत नेता येत होती. कापणीची आठवण रूथच्या पुस्तकात राहिली. जव आणि गव्हाच्या सुगीत सरवा वेचणाऱ्या मवाबी विधवेची ती गोष्ट आजही या सणाला वाचतात. सिनेगॉग हिरव्या फांद्यांनी सजवणे आणि दुधाचे पदार्थ करणे हे रिवाजही हळूहळू जोडले गेले.

रात्र जागवण्याचे बीज दोन ठिकाणी सापडते. एका मिद्राशी (धर्मग्रंथाचा अर्थ उलगडणाऱ्या) कथेत सिनाईच्या सकाळी इस्राएली लोक झोपून राहिले आणि मोशेला त्यांना उठवावे लागले. त्या झोपेची भरपाई म्हणून आपण जागतो, हे कारण सतराव्या शतकात पोलंडचे धर्मपंडित अव्राहाम गोम्बिनर यांनी नोंदवले आणि आज तेच सर्वांच्या तोंडी आहे. दुसरे आणि जुने कारण झोहरमध्ये आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कॅस्टीलमध्ये हा गूढवादी ग्रंथ पुढे आला. त्यात पूर्वीचे भाविक या रात्री झोपत नसत असे म्हटले आहे. सकाळी शेखिना, म्हणजे ईश्वराचे सान्निध्य, वधूरूपाने विवाहमंडपात येणार, म्हणून रात्रभर तोराच्या वचनांनी तिला सजवायचे. पहिल्या कथेत जागरण ही भरपाई आहे आणि दुसऱ्यात ती लग्नघरातली रात्र आहे. सोळाव्या शतकातल्या ज्या माणसांनी हा रिवाज खरोखर उभा केला, त्यांच्या मनात ही दुसरी कल्पना होती.

त्यांतले एक, धर्मपंडित योसेफ कारो यांचा जन्म १४८८ चा, स्पेनमधला. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले. भटकत त्यांचे कुटुंब ऑटोमन साम्राज्यात आले. १५३० च्या दशकात, बाल्कन प्रदेशात राहत असताना, कारो आणि त्यांचे मित्र श्लोमो अल्काबेझ यांनी काही सोबत्यांसह शावुओतची रात्र जागवायचे ठरवले. त्या रात्रीचे वर्णन अल्काबेझ यांच्या पत्रात आहे. पुढे येशाया होरोविट्झ यांनी ते आपल्या ग्रंथात छापले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. मंडळी तोरातले ठरावीक उतारे मोठ्याने, सुरावर वाचत होती. मग संदेष्ट्यांची वचने झाली आणि नंतर मिश्नाचा ‘झेराईम’ हा विभाग हाती घेतला. झेराईम म्हणजे बियाणे. शेती, पेरणी, दशांश, गरिबांचा सरव्यावरचा हक्क यांचे नियम या विभागात आहेत. जमीन नसलेली, देशोधडीला लागलेली ती माणसे मध्यरात्री शेतीचे कायदे घोकत होती.

आणि मग कारो यांच्या तोंडून एक आवाज बोलू लागला. ऐकणाऱ्यांनी तो शेखिनेचा, साक्षात मिश्नेचा मानला. आपला मुकुट फार वर्षांपूर्वी गळून पडला, आपण धुळीत पडलो आहोत, आज तुम्ही तो पुन्हा चढवलात, असा त्या बोलण्याचा आशय होता. मंडळी रडू लागली. पण आवाजाने एक उणीवही दाखवली: तुम्ही दहा जण असता तर आणखी वर चढला असता. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला किमान दहा जण लागतात, आणि ते त्याहून कमी होते. परदेशातल्या ज्यूंचा सण दोन दिवसांचा, म्हणून दुसरी रात्र हाताशी होती. त्यांनी दहा माणसे जमवली, पुन्हा जागले, आणि आवाज पुन्हा आला. मला या पत्रात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कारो हे त्या काळातले थोर विद्वान होते, एकट्याने अभ्यास करायला त्यांना कोणाची गरज नव्हती. तरी या रात्रीला लागतात ती माणसे, आणि पुरेशी माणसे, हे पहिल्याच जागरणात ठरून गेले.

आवाजाने त्यांना इस्राएलच्या भूमीत जायलाही सांगितले. १५३६ च्या सुमारास कारो गालीलमधल्या त्सफात गावी स्थायिक झाले. अल्काबेझही तिथे आले. १५७० मध्ये गूढवादी गुरू इझाक लुरिया तिथे पोहोचले. १५७२ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते वारले, पण तेवढ्या काळात त्यांच्या शिष्यवर्तुळाने या रात्रीला साचा दिला. तोराच्या प्रत्येक विभागाची पहिली आणि शेवटची वचने, संदेष्टे, मिश्ना, झोहर, तोरातल्या ६१३ आज्ञांची यादी, आणि पहाटे स्नान. या वाचनांचे संग्रह छापले गेले आणि सर्वदूर पोहोचले. नवलाची बाब म्हणजे कारो यांनी स्वतः लिहिलेल्या आणि १५६५ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘शुलहान आरुख’ या धर्मसंहितेत या जागरणाचा शब्दही नाही. तो कायद्याने आला नाही, लोकांनी आपणहून धरला.

छपाईच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली. इतिहासकार एलियट हॉरोविट्झ यांनी दाखवले की कॉफी जसजशी ऑटोमन शहरांतून इटलीकडे गेली, तसतसे ज्यूंचे रात्रीचे विधीही पसरत गेले. कॉफीमुळे श्रद्धा निर्माण झाली असे कोणी म्हणणार नाही, पण पहाटे तीन वाजता दहाचे दहा जण जागे राहायला तिची मदत झालीच असणार.

या रात्रीची चाकोरी आजही फारशी बदललेली नाही. सात आठवडे पूर्ण भरावेत म्हणून संध्याकाळची प्रार्थना अंधार पडेपर्यंत थांबवतात. जेरुसलेममध्ये या दिवसांत सूर्यास्त ते सूर्योदय जेमतेम दहा तासांची रात्र असते. कर्मठ ज्यू सणाच्या दिवशी लिहीत नाहीत, त्यामुळे टिपणे काढता येत नाहीत. जे लक्षात राहील ते राहील. अभ्यास बहुधा जोडीने, समोरासमोर बसून, मोठ्याने चालतो. पहाटे तोरा-अभ्यासाचे आशीर्वचन म्हणायची वेळ येते तेव्हा प्रश्न पडतो, कारण ते झोपून उठल्यावर म्हणायचे असते. मग झोप झालेला एखादा ते म्हणतो आणि जागलेले सगळे ऐकून ‘आमेन’ म्हणतात.

विसाव्या शतकात सण पुन्हा शेतात आला. १९२० च्या दशकापासून किबुत्झ या सामुदायिक शेतीच्या वसाहतींमधल्या, बहुतांशी निधर्मी, शेतकऱ्यांनी प्रथम फळांच्या मिरवणुका सुरू केल्या. जून १९६७ च्या युद्धानंतर आठवड्याभरातच शावुओत आला. त्या दिवशी पश्चिम भिंत, म्हणजे जुन्या मंदिराच्या आवाराची उरलेली भिंत, सर्वांसाठी खुली झाली आणि सुमारे दोन लाख लोक तिथे चालत गेले. रात्रभर अभ्यास करून पहाटे भिंतीपाशी प्रार्थनेला जायचा जेरुसलेमकरांचा रिवाज तिथून पडला. १९८९ मध्ये जेरुसलेममध्ये ‘एलुल’ आणि १९९६ मध्ये तेल अवीवमध्ये ‘आल्मा’ या अभ्यासगृहांनी धार्मिक-निधर्मी भेद न पाहता सर्वांना ग्रंथांपाशी बसवले. आता या रात्री तालमूदच्या जोडीला कविता, कायदा, राजकारण असे सगळेच विषय असतात. संग्रहातले उतारे क्रमाने वाचणारी जुनी सेफार्दी (मूळची स्पेनकडची) घराणीही आहेतच.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट याच इतिहासाला दुसऱ्या बाजूने उजाळा देते. तेल गाळणाऱ्या, पण शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’नी शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना शतकानुशतके जपली, पण त्यांच्याजवळ तोराच्या गुंडाळ्या उरल्या नव्हत्या. त्यांच्या जुन्या सणांची मराठी नावे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी नोंदवली आहेत: नव्याचा रोजा, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. त्यांत शावुओत नाही. तोराच हाताशी नसताना तोरा मिळाल्याचा दिवस कसा टिकावा? आणि मे-जूनमध्ये कोकणात पिकलेला गहू नसतो, पेरणीपूर्वीची घाई असते. सुगीचा आनंद त्यांनी आपल्या मातीच्या वेळेला धरला. खिरीच्या सणाला, म्हणजे तिश्री महिन्यात, नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर करून.

शावुओत त्यांच्याकडे परतला तो पुस्तकांबरोबर. १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीचे ज्यू शिक्षक आले. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीतून लिहिले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले, आणि कोकणातून मुंबईला आलेल्या कुटुंबांना वर्षभराच्या सणांच्या प्रार्थना आपल्या भाषेत वाचता येऊ लागल्या.