मोडणे, वळणे, वक्र होणे : ‘रिफ्रॅक्शन’ची पार्श्वभूमी

सेमी-इंग्रजीतला दहावीचा विद्यार्थी ‘रिफ्रॅक्शन ऑफ लाइट टेक्स प्लेस’ असे लिहितो. वाक्य बरोबरच आहे, फक्त त्याच्या पाठीशी मराठी उभी आहे : ‘प्रकाशाचे अपवर्तन होते’, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाची दिशा बदलते. आपल्याला नाम लागते आणि पुढे ‘होणे’. इंग्रजी मात्र क्रियापदावरही तितकीच सहज जाते : ‘लाइट इज रिफ्रॅक्टेड’, ‘ग्लास रिफ्रॅक्ट्स लाइट’.

शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ ‘मोडणे’. फ्रॅक्चर आणि फ्रॅक्शन त्याचेच भाऊबंद. पाण्यात तिरकी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, तेच हे चित्र. न्यूटनच्या १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथाच्या शीर्षकात हा शब्द अनेकवचनात, ‘रिफ्रॅक्शन्स’ असा छापला आहे.

मराठवाड्यात या संकल्पनेला नावे मिळाली ती वेगळ्याच वाटेने. निजामी राजवटीत शाळेच्या वरच्या वर्गांत शिकवण्याची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतच शिकवत. उर्दूत रिफ्रॅक्शनला ‘इनइताफ’ म्हणतात, म्हणजे वळणे. सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मराठी पुस्तकांबरोबर ‘वक्रीभवन’ आले.

या ‘वक्रीभवना’ने बराच घोळ घातला. हवेतून काचेत शिरताना किरण वक्र होत नाही. सीमेवर दिशा बदलतो आणि पुढे पुन्हा सरळ जातो. वक्र म्हटले की मुले गोलाई काढायची. टीकाकारांचे म्हणणे रास्त होते. तरी त्या शब्दाची बाजू घ्यावीशी वाटते. वैशाखात बीड-परभणीच्या डांबरी रस्त्यावर पुढे पाणी चमकताना दिसते, तेव्हा तापलेल्या हवेच्या थरांतून येणारा किरण खरोखरच हळूहळू वाकत आलेला असतो. तिथे ‘मोडणे’ लंगडे पडते आणि ‘वक्रीभवन’ चपखल बसते.

आताच्या पुस्तकांत ‘अपवर्तन’ आहे. गोलाईचा गोंधळ टळला, पण डोळ्यांपुढचे चित्रही गेले. वर, हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेला होता. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात कुट्टक गणिताच्या, म्हणजे समीकरणाची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीच्या, सुरुवातीलाच भाज्य, हार (भाजक) आणि क्षेप (मिळवायची संख्या) यांना सामाईक भाजकाने भागून लहान करायला सांगितले आहे, आणि त्या भागण्याला शब्द आहे तो ‘अपवर्तन’. रिफ्रॅक्शनचा भाऊ फ्रॅक्शन, म्हणजे अपूर्णांक. आणि अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देतात तेही असेच भागून. केवळ योगायोग, पण गमतीचा.

शाळेबाहेर हा शब्द भेटतो तो डोळ्यांच्या दवाखान्यात. ‘चष्म्याचा नंबर काढणे’ हे आपले साधे बोलणे. कागदावर त्याला ‘रिफ्रॅक्शन’ म्हणतात. इथे तो किरणाचा गुण नसून तपासणीचे नाव आहे, म्हणून ‘रिफ्रॅक्शन वॉज डन’ हे वाक्य चालते, जे भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत विचित्र वाटेल. त्याहून पुढचे म्हणजे ‘द पेशंट वॉज रिफ्रॅक्टेड’. नेत्रतपासणी करणारे असे खरोखर बोलतात. किरण जागच्या जागी राहतो आणि माणूसच अपवर्तित होतो.