बर्फावरचा पाठलाग (चित्रपटातील दृश्यप्रकार)

हिमक्रीडांवरील थरारपटांत तीव्र उतारावरून स्की, स्नोबोर्ड (दोन्ही पाय ठेवून घसरण्याची एकच फळी) किंवा बॉबस्लेवर (बर्फाळ मार्गावरून घसरणारी गाडी) होणाऱ्या पाठलागाचे दृश्य. पडद्यावर नायक दिसत असला, तरी हे दृश्य उभे राहते ते त्याच्या जागी घसरणाऱ्या खेळाडूच्या आणि त्याच्या बरोबरीने घसरणाऱ्या कॅमेरामनच्या पायांवर.

याचे मूळ जर्मन पर्वतपटांत सापडते. भूविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले आर्नोल्ड फांक १९२० च्या सुमारास आल्प्समधील स्कीपटूंवर चित्रपट काढू लागले. त्यांच्या ‘डेर वाइसे राउश’मध्ये (१९३१) दोन स्कीपटू कोल्हे होऊन पळतात आणि इतरांचा थवा त्यांच्या मागे लागतो. सगळा निखळ खेळ, खलनायक कुणीच नाही.

असे चित्रीकरण फार अवघड. पांढऱ्या उतारावर अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे दूर तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून भन्नाट वेगही संथ भासतो. शिवाय ताज्या बर्फावर एकदा स्कीची रेघ उमटली, की दुसऱ्या टेकसाठी नवा कोरा उतार शोधावा लागतो.

ही अडचण सोडवणाऱ्यांत विली बोग्नर (धाकटे) यांचे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे. १९६० व १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते जर्मनीकडून उतरले होते. ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ या जेम्स बाँडपटासाठी (१९६९) स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे त्यांनी हातात कॅमेरा धरून, कधी चक्क उलटे घसरत, स्कीपटूंना टिपले. त्याच पाठलागाची हवाई दृश्ये जॉनी जॉर्डन यांनी हेलिकॉप्टरखाली लोंबकळत घेतली. याआधीच्या बाँडपटाच्या चित्रीकरणात त्यांनी एक पाऊल गमावले होते, हे लक्षात ठेवून ती दृश्ये पाहावीत.

या वेडाची किंमत माणसांनी मोजली आहे. एप्रिल १९६४ मध्ये सेंट मॉरित्झजवळ बोग्नर यांच्याच स्कीपटाचे चित्रीकरण चालू असताना हिमलोट कोसळला. त्यात अमेरिकेचे बडी वर्नर आणि जर्मनीच्या बार्बी हेनेबर्गर हे दोन ऑलिंपिक खेळाडू गेले. ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या (१९८१) वेळी इटलीतील कोर्तिना येथील बॉबस्लेच्या मार्गावर एक तरुण स्टंटमन मरण पावला.

या प्रकारातील सर्वांत गाजलेली उडी ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली (१९७७). कॅनडातील बॅफिन बेटावरच्या माउंट अॅसगार्डवरून रिक सिल्व्हेस्टर स्कीसह कड्याबाहेर झेपावले. पॅराशूट उघडेपर्यंतचा तो दीर्घ, नि:शब्द क्षण आजही अंगावर काटा आणतो. ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये (१९८५) नायकाच्या जागी टॉम सिम्स उतरले आणि स्नोबोर्ड जगभरच्या प्रेक्षकांना ठाऊक झाला.

ख्रिश्चन डुग्वे दिग्दर्शित ‘एक्स्ट्रीम ऑप्स’मध्ये (२००२) कॅमेऱ्यामागची माणसेच पाठलागात सापडतात. हिमलोटाला मागे टाकणाऱ्या खेळाडूंची जाहिरात चित्रित करायला ऑस्ट्रियन आल्प्समध्ये आलेल्या पथकाची गाठ तिथे लपलेल्या सर्बियन युद्धगुन्हेगाराशी पडते. समीक्षकांनी चित्रपट नाकारला, तिकीटबारीवरही तो पडला. कल्पना मात्र अस्सल होती.